खरे, सांगितले, शेरा

“सत्तेचाळीस झालंय,” आण्णा फोनवर म्हणाले. “चाळीसचं सत्तेचाळीस. आता हात लावायलाच पायजे. शनिवारी येतीस न्हवं?”

मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन, आणि मागचे लोक पुढे सरका म्हणून खुणावत होते. त्या वर्षातला आण्णांचा हा नववा फोन.

“आण्णा, मागच्याच महिन्यात आले होते मी.”

“मागच्या म्हैन्याचं मागच्या म्हैन्यात. मार्केट काय तुझ्या रजंसाठी थांबतंय व्हय?”

“मी इथूनच करते ना. तुमच्या फोनवर सहा आकडी ओटीपी येईल, तेवढा फक्त मला सांगा.”

 ठरलेलं उत्तर आलं. “ओटीपी कुणाला सांगायचा नसतोय. बँकेतल्या बाईंनी पोस्टर दावून सांगितलंय. पोटच्या पोरीलासुदिक न्हाई.”

“असं पोस्टरवर लिहिलंय? पोटच्या पोरीला न्हाई म्हणून?”

“लिवलं नसंल. मी धरून चाललोय.”

मी हात टेकले. शनिवारी येते म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि पाहिलं तर माझ्या ताटात कुणीतरी मला न विचारता दोन वाट्या आमटी वाढून ठेवली होती.

हे चाळीस म्हणजे काय, ते आधी सांगते. आण्णा म्हणजे माझे वडील, महिपती साळुंखे. विट्यात आणि आसपासच्या खेड्यांत बत्तीस वर्षं वायरमन. निवृत्त झाल्यावर फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे पैसे आले, त्यांचं काय करायचं हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी पुण्यात एका औषध कंपनीच्या हिशेब खात्यात होते, आणि हिशेब खात्यातल्या माणसाला पैशातलं सगळं कळतं अशी त्यांची भाबडी समजूत होती. मला सगळं कळत नव्हतं. पण मी वाचलं, दोन जाणत्या माणसांना विचारलं आणि एक बेत आखला. शंभरातले साठ रुपये सुरक्षित फंडात, चाळीस शेअरच्या फंडात. शेअर वाढत गेले की चाळीसचे पन्नास होतात आणि जोखीम वाढते. तेव्हा वरचे काढून सुरक्षित बाजूला टाकायचे. शेअर पडले तर उलट.

मला वाटलं होतं, हे समजावताना माझ्या नाकी नऊ येणार. आण्णांना दोन मिनिटं लागली.

“म्हंजे फेज बॅलन्स,” ते म्हणाले. “डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, तीन फेज असत्यात. सगळ्यांनी एकाच फेजवर मोटारी जोडल्या की ती तापती, आन् दुसरी रिकामी बसती. मग खांबावर चढायचं आन् चार कनेक्शनं हिकडची तिकडं करायची. ह्येच न्हवं?”

“हेच.”

“मग किती दिसांनी करायचं?”

मी म्हणाले, वर्षातून एकदा, संक्रांत झाली की. मधे हात लावायचा नाही. फक्त चाळीसपासून पाचाहून जास्त हललं, म्हणजे पंचेचाळीसच्या वर किंवा पस्तिसाच्या खाली गेलं, तरच. आण्णांनी मान डोलावली आणि बरोबर आहे, सारखं कापायचं नसतं, असं काहीतरी म्हणाले. आई तेव्हा होती. ती आतून म्हणाली, “बरं झालं. म्हातारपणीबी ह्यांना चढायला खांब मिळाला.”

सहा वर्षं हे सुरळीत चाललं. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी विट्याला जायचे, तिळगूळ खायचा, अर्जावर आण्णांची सही घ्यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. पुढे अर्ज गेले आणि सगळं फोनवर आलं. ॲप आण्णांच्याच फोनवर होतं, दुसरीकडून नुसतं बघायचं तरी त्यांच्या फोनवरचा ओटीपी लागायचा, त्यामुळे आकडा त्यांच्याकडूनच यायचा. मग एका दिवाळीच्या आधी आई गेली. पुढच्या वर्षी आण्णांनी मला दोनदा बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, दर महिन्या-दीड महिन्याला फोन. सेहेचाळीस झालंय. सत्तेचाळीस झालंय. ये.

मी जायचे तेव्हा आकडा असायचा एक्केचाळीस, फार तर बेचाळीस. “काल पडलं असंल,” आण्णा म्हणायचे. आणि मी, एवढं दोनशे किलोमीटर आलेच आहे तर, म्हणून तो एक टक्का काढून इकडचा तिकडे करायचे. माझीच अक्कल. दर फेरीला काही ना काही कापलं जात होतं, कधी कर, कधी मुदतीआधी काढल्याचा दंड. दिवाळीत मी बेरीज केली तर आण्णांच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम नुसत्या इकडून तिकडे करण्यात गेली होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

माझा धाकटा भाऊ संग्राम बेंगळुरूला असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, कबूल कर. बत्तीस वर्षं मीटर वाचलेला माणूस एक्केचाळीसला सत्तेचाळीस म्हणतोय. आण्णांचं डोकं आता चालत नाही.”

“असं बोलू नकोस.”

“मग कसं बोलू? एक दिवस सगळंच विकून बसतील. तू खात्यावरचा मोबाईल नंबर बदलून घे. तुझा टाक. ओटीपी तुझ्याकडे येईल, त्यांनी बघायलाही नको.”

त्याने अर्ज पाठवला. एकच पान. खाली खातेदाराची सही. मी ते छापून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. आण्णांनी उभ्या आयुष्यात स्वतःची पक्कडसुद्धा दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. आणि आता मी त्यांना, तुमच्या पैशाला तुम्ही हात लावायचा नाही, असं सांगायला निघाले होते. पण संग्रामचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. मलाही भीती वाटत होती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांचं विसरणं असंच आकड्यांपासून सुरू झालं होतं.

शनिवारी दुपारी एकला गाडी विट्यात पोचली. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. आत वांग्याची भाजी तयार होती. आई गेल्यावर ते एकच भाजी करायला शिकले होते आणि तिच्यात मीठ नेहमी जास्त पडायचं. मी न बोलता खाल्लं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला वीज मोजायचा पिवळा मीटर, जाड जबड्याच्या चिमट्यासारखा. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या वायरमननी वर्गणी काढून त्यांना दिलेला. आण्णा तो दर आठवड्याला पुसत.

जेवण झाल्यावर त्यांचा फोन घेऊन मी ॲप उघडलं. एक्केचाळीस.

“काल पडलं असंल,” आण्णा म्हणाले.

काल बाजार चढला होता. मी सकाळीच गाडीत पाहिलं होतं. पण ते त्यांना सांगवेना. मी पर्समधून कागद काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तुम्हाला त्रास नको, मलाही हेलपाटे नकोत, नंबर माझा टाकू, मी पुण्यातून सगळं बघेन.

आण्णांनी कागद हातात घेतला नाही. “म्हंजे त्यो ओटीपी तुझ्याकडं येणार.”

“हो.”

“आन् मी?”

“तुम्ही निवांत.”

“निवांतच हाय की मी,” आण्णा म्हणाले. “आनकी किती निवांत होऊ?”

 त्यांनी ताटं उचलली, मोरीत नेऊन ठेवली आणि तिथूनच विचारलं, “संग्रामनं सांगितलं व्हय?”

“दोघांनी मिळून ठरवलंय.”

“बरं,” ते म्हणाले. त्या एका शब्दात राग नव्हता, आणि मला तो असता तर बरं वाटलं असतं. “न वाचता मी कशावर सही करत न्हाई. बारीक अक्षर हाय, सकाळच्या उजेडात वाचतो. तवर तू बाकीचं भरून ठेव. फंडाचा फोलिओ नंबर लागंल तुला. कपाटात, खालच्या खणात.” आणि किटली घेऊन दुधाला गेले. दूध सहाला मिळायचं. तेव्हा साडेचार वाजले होते.

ते गेले आणि शेजारच्या मालनकाकू फोन हातात धरून आत आल्या. “भावजी न्हाईत व्हय? गॅसवाल्यानं नंबर पाठवलाय, त्यो दावायचा हुता.”

मी म्हणाले, मी बघते. त्या जरा संशयाने म्हणाल्या, “तुला जमंल का? न्हाई, भावजींच्या हाताला सवय हाय. आख्ख्या गल्लीची लाईटबिलं त्येच भरत्यात फोनवरनं. माझी लेक ठाण्याला. परवा तिच्या पोराची फी अडकली, तर तिनं तिकडनं ओटीपी सांगितला आन् भावजींनी हितनं भरली.”

“ओटीपी सांगितला? फोनवर?”

“मग काय पत्रानं पाठवायचा?” काकू म्हणाल्या.

मी त्यांचा नंबर शोधून दिला. त्या जाता जाता दारात थांबल्या. “लई चालतंय बग भावजींचं डोकं. माझ्या बिलात तीन युनिटाची चूक काढली त्यांनी. तीन युनिटाची. आमच्या हेंना तर बिलाची वरली बाजू कुठली ते कळत न्हाई.”

मी कपाटासमोर बसले. काकूंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. ठाण्याच्या मुलीचा ओटीपी चालतो, पुण्याच्या मुलीला द्यायचा चालत नाही. तीन युनिटांची चूक दिसते आणि सहा टक्क्यांची दिसत नाही. खालचा खण ओढला. फोलिओचे कागद वरच होते, पिनेने नीट टाचलेले. त्यांच्याखाली एक लांबट निळी वही होती.

ती मी लगेच ओळखली. असल्याच वह्यांत आण्णा नोकरीभर लाईनीची नोंद ठेवत. पेनाने लिहायचे, खाडाखोड नाही. एकदा पुराच्या दिवसांत एका खांबापर्यंत पोचता आलं नाही, तर त्यांनी सरळ लिहिलं, ‘पोचलो नाही.’ आई म्हणाली होती, पोचलो लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? आण्णा म्हणाले, “वहीला कळतंय.” आमच्या घरात कुणी थाप मारली की आई म्हणायची, आता हेच वहीत लिहून दाखव.

मी वही उघडली. पट्टीने आखलेले चार रकाने होते. तारीख. खरे. सांगितले. शेरा.

पहिली नोंद मार्चची होती. खरे ४१. सांगितले ४६. शेरा: शैला आली. वांगी केली, मीठ जास्त. रविवारी चारच्या गाडीने गेली.

१४ एप्रिल. खरे ४२. सांगितले ४७. शेरा: आली नाही. ऑडिट आहे. पुढच्या शनिवारी येते म्हणाली.

२१ एप्रिल. शेरा: आली. पाय दुखतो म्हणाली. चप्पल बदलायला सांगितली.

१८ ऑगस्ट. खरे ४१. सांगितले ४६. शेरा: आली. जाताना आणखी एक दिवस थांबू का म्हणाली. नको म्हणालो. तिला नोकरी आहे.

असं पानभर. आकडे सगळे अचूक. मी पर्समधून माझ्या फेऱ्यांचे कागद काढून ताडून पाहिले, एकसुद्धा चुकला नव्हता. आणि सांगितलेला प्रत्येक आकडा पंचेचाळीसच्या वर. आमचा नियमच तसा होता. पाचाच्या आत असेल तर मी येणार नव्हते. शेवटच्या ओळीत त्या दिवशीची तारीख होती. खरे ४१. सांगितले ४७. पुढचा रकाना रिकामा होता.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एवढा सरळ माणूस, त्याला मुलगी घरी यावी म्हणून आकडा फुगवावा लागला, आणि तोही त्याने वहीत प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. आणि मी काय आणलं होतं त्यांच्यासाठी? एक पानाचा अर्ज, ज्यावर सही केली की मला परत यायची गरज उरणार नव्हती. मी वही होती तशी ठेवली, खण बंद केला आणि चेहऱ्यावर पाणी मारून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

रात्री दोघंही इकडचं तिकडचं बोललो आणि लवकर झोपलो.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर आण्णा ओट्यावर उन्हात बसले होते. चष्मा लावून तो अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “कुठं करायची सही? हितं?”

“आण्णा, त्याच्या आधी एक विचारू?”

“इचार.”

“डीपीवर फेज किती दिवसांनी बदलायची?”

“आता गं कुठनं आठवलं तुला?”

“सांगा की.”

“वर्साला एकदा. उन्हाळ्याच्या आदी. न्हायतर फरक लईच पडला तर.” त्यांनी पेन ओट्यावर ठेवलं. ह्या विषयावर त्यांना एका हाताने बोलता येत नसे. “जोड कापला की तार बोटभर आखूड हुती. सारखं कापत बसलं की शेवटाला पुरतच न्हाई. मग मधी तुकडा घालायचा, आन् तुकड्याचा जोड तापतोय. नव्या पोरांना लई हौस असती, दिसला फरक की कापा. त्यांना मी सांगायचो...”

ते मधेच थांबले. काय सांगायचे ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता चहाचा घोट घेतला.

“आणि फरक पडलाय हे कळतं कसं?” मी विचारलं.

“मोजायचं. आत खिळ्याला हाय की त्यो टाँग टेस्टर. तारंभवती नुसता धरायचा.”

“मोजायला तार कापावी लागत नाही?”

“मोजायला कशाला कापायची? चालू लाईनीवर मोजतोय त्यो. कुणाच्या घरातला दिवासुदिक हलत न्हाई.”

“मग मोजायचं किती दिवसांनी?”

“म्हैन्याला मोजायचं. वाटलं तर आठवड्याला. मोजण्यानं काय झिजत न्हाई.”

“मग ठरलं,” मी म्हणाले. “कापायचं वर्षातून एकदा, संक्रांत झाली की. आणि मोजायला मी दर महिन्याला येते. पहिल्या शनिवारी.”

आण्णांनी कप खाली ठेवला. समोरून दूधवाल्याची मोटारसायकल गेली, त्याने हात केला, ह्यांनीही केला. मग ते हळूच म्हणाले, “मोजायला फोन चालतोय की. हेलपाटा कशाला तुला?”

ते त्यांचं खरेपण होतं. आता त्यांना मला फसवून बोलावून घ्यायचं नव्हतं.

“फोनवर आकडा चुकतो,” मी म्हणाले.

 आण्णांनी अर्जाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“खालच्या खणातलं वाचलंस.”

“फोलिओ नंबर शोधताना.”

“बत्तीस वर्सात एक खोटा आकडा दिला न्हवता गं मी,” ते म्हणाले. “तुझ्या आईला कळलं असतं तर?”

“आई म्हणाली असती, फुगवायचाच होता तर पन्नास तरी सांगायचा.”

ते हसले. हसता हसताच चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. नको इतका वेळ पुसला.

“आण्णा, नुसतं ये म्हणायचं होतं ना.”

“कसं म्हणायचं? तुझी नोकरी, तुझं घर, पोरीची दहावी. काम असल्याबिगर कसं बोलवायचं माणसाला?” त्यांनी चष्मा लावला. “वायरमनला कुणी बसायला बोलवत न्हाई, शैले. लाईट गेली की बोलवत्यात. मला तेवढंच ठावं हाय.”

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. अर्ज त्यांच्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकला. त्या दिवशी मी चारच्या गाडीने गेले नाही. सोमवारी सकाळी साहेबांना फोन करून सांगितलं, वडिलांकडे काम निघालंय. खोटं नव्हतं. दिवसभर आम्ही आईच्या साड्यांची पेटी आवरली.

पुण्याला पोचायच्या आत संग्रामचा फोन. “झाली सही?”

“नाही. आण्णांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतं.”

“मग सत्तेचाळीस कुठून आले?”

“तू पण ये एकदा मोजायला. कळेल.”

त्यानंतर पहिला शनिवार मी चुकवला नाही. जायचं, वांगी खायची, ॲप उघडायचं, आण्णा वहीत आकडा टाकायचे, संपलं. दोन हजार एकोणीसच्या संक्रांतीला आम्ही पैसे इकडचे तिकडे केले, वीसच्या संक्रांतीला केले. मधे हात लावला नाही. संग्रामही दोनदा येऊन गेला. खात्यावरचा नंबर आण्णांचाच राहिला.

आणि मग मार्चमध्ये टाळेबंदी आली. गाड्या बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. एप्रिलचा पहिला शनिवार उजाडला आणि मी पुण्यात घरात. आण्णा तिकडे एकटे, अडुसष्ट वर्षांचे. सकाळपासून मला नुसतं रडू येत होतं. घरातल्यांना दिसू नये म्हणून मी बाल्कनीत कपडे वाळत घालत बसले होते, तेच ते कपडे. शेवटी नाक पुसून फोन लावला.

“किती, आण्णा?”

“एकतीस.”

“खरे?”

“खरे. शेअर लई पडलंत. आपल्या पाचाच्या भाईर गेलं. आता कापायलाच पायजे.”

म्हणजे सुरक्षित बाजूचे काढून शेअरमध्ये टाकायचे. जग विकत सुटलं होतं आणि आम्ही घ्यायचे. “भीती वाटते, आण्णा,” मी म्हणाले.

“वाटू दे. माप काय सांगतंय? कापा म्हणतंय. मग कापायचं.” मग म्हणाले, “त्यो ओटीपी येईल. घे लिवून.”

“आणि पोस्टर?”

“पोस्टर ह्या रोगाच्या आदी लावल्यालं.”

त्यांनी सहा आकडे दोन-दोन करून सांगितले. मी लिहून घेतले, पैसे फिरवले. काम झालं तरी कुणी फोन ठेवेना.

“आवाज का गं असा?” त्यांनी विचारलं.

“सर्दी झालीय. बाकी ठीक आहे.”

“बरं. काढा पी,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आण्णा दोन वर्षांनी गेले, झोपेतच. पंधराव्या दिवशी मी कपाट आवरायला बसले तेव्हा खालच्या खणातली निळी वही काढली. सगळ्या नोंदी होत्या. ओट्यावरच्या त्या सकाळनंतर खरे आणि सांगितले ह्या दोन रकान्यांत कधी फरक पडलेला नव्हता. फक्त एका तारखेला त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या.

४ एप्रिल २०२०. शेअर. खरे ३१. सांगितले ३१. शेरा: पैसे फिरवले.

आणि तिच्या खाली, त्याच अक्षरात, रकाने न चुकवता: शैला. खरे, रडली आहे. सांगितले, सर्दी. शेरा: विचारले नाही. गाड्या सुरू झाल्या की येईल.